एजवुडचे २६ डॉलर

१६ मे १९६८ रोजी अमेरिकेच्या टेक्सास राज्यात, सॅन अँटोनिओ शहराच्या पश्चिम भागातल्या एजवुड हायस्कूलचे सुमारे चारशे विद्यार्थी वर्ग सोडून बाहेर पडले आणि शाळा चालवणाऱ्या कार्यालयावर चालत गेले. जगभर विद्यार्थी रस्त्यावर उतरत होते असे ते वर्ष. पॅरिसमध्ये सरकार हादरले होते, न्यूयॉर्कमध्ये विद्यापीठाच्या इमारती विद्यार्थ्यांनी ताब्यात घेतल्या होत्या. एजवुडच्या मुलांचे मागणे त्या मानाने फारच साधे होते. शिकवण्याची पात्रता असलेले शिक्षक द्या, इमारतीची डागडुजी करा, वर्गात लागणारे सामान पुरवा. शाळेने जे न मागता द्यायचे, तेच मागायला मुलांना शाळेबाहेर यावे लागले होते.

मुलांचे म्हणणे पालकांनी उचलून धरले. त्यांच्यात देमेत्रिओ रॉड्रिग्ज नावाचे एक गृहस्थ होते. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकेच्या नौदलात होते आणि आता केली हवाई तळावर पत्राकाम करत होते. त्यांची मुले एजवुडच्या प्राथमिक शाळेत जात. ती इमारत मोडकळीला आली होती. साध्यासाध्या वस्तूंची वानवा होती आणि जवळजवळ निम्म्या शिक्षकांकडे पूर्ण पात्रता नव्हती.

पालकांना सुरुवातीला वाटले की पैसा येत असणार, पण मधल्यामध्ये जिरत असणार. शाळा चालवणारे अधिकारीच तो खात असतील, असा त्यांचा समज होता. अशी शंका घेऊन ते आर्थर गॉचमन या वकिलांकडे गेले. गॉचमन यांनी कागद चाळले आणि निराळेच सांगितले. चोरी झालेली नव्हती. एजवुडकडे चोरण्याजोगा पैसाच येत नव्हता, आणि तो येऊ नये अशी व्यवस्था राज्याच्या कायद्यातच होती.

ती व्यवस्था समजून घेतल्याशिवाय पुढचा इतिहास कळणार नाही. अमेरिकेत सरकारी शाळा ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ नावाच्या स्थानिक संस्था चालवतात. एका शहरात अशा अनेक संस्था असू शकतात. त्या काळी सॅन अँटोनिओ परिसरात सात होत्या. प्रत्येक संस्था आपल्या हद्दीतल्या घरांवर, दुकानांवर, कारखान्यांवर मालमत्ता कर बसवते. आपल्याकडे ग्रामपंचायत घरपट्टी घेते तसाच हा कर, पण त्यातून शाळा चालते. ज्या हद्दीत बंगले आणि बाजारपेठा, तिथे थोड्या दरातही भरपूर पैसा जमतो. ज्या हद्दीत लहान घरे आणि कच्चे रस्ते, तिथे दर कितीही वाढवला तरी हाती काही लागत नाही.

टेक्सासला ही विषमता ठाऊक नव्हती असे नाही. १९४९ साली गिल्मर-आयकिन कायद्यांनी राज्याने प्रत्येक शाळेला किमान खर्चाची हमी दिली. त्या किमान खर्चातला सुमारे ८० टक्के वाटा राज्याने आणि उरलेला स्थानिक संस्थांनी उचलायचा, असे ठरले. कागदावर ही मोठी सुधारणा होती. पण किमान म्हणजे किमानच. त्यावर ज्याला जितकी भर घालायची तितकी त्याने आपल्या हद्दीतल्या करातून घालावी, अशी मोकळीक होती. त्या मोकळिकीतूनच दरी रुंदावत गेली.

१९६७-६८ या वर्षाचा हिशेब पुढे न्यायालयासमोर आला. एजवुडमध्ये २५ शाळा आणि सुमारे २२,००० विद्यार्थी होते. त्यातले सुमारे ९० टक्के मेक्सिकन वंशाचे, तर ६ टक्क्यांहून थोडे अधिक कृष्णवर्णीय होते. करपात्र मालमत्तेची सरासरी दर विद्यार्थ्यामागे ५,९६० डॉलर पडे. शहर परिसरात इतकी कमी मालमत्ता दुसऱ्या कुठल्याच संस्थेकडे नव्हती. तरीही एजवुडच्या लोकांनी शंभर डॉलरच्या मालमत्तेवर १ डॉलर ५ सेंट असा कर स्वतःवर बसवून घेतला होता. हा दर परिसरात सर्वांत जास्त होता. राज्याच्या योजनेतला आपला वाटा भरल्यावर या करातून त्यांच्या पदरात दर विद्यार्थ्यामागे २६ डॉलर पडले. राज्याचे २२२ आणि केंद्राचे १०८ मिळून एका मुलाच्या वर्षभराच्या शिक्षणावर ३५६ डॉलर खर्च होत.

त्याच शहर परिसरात अलामो हाइट्स ही सधन वस्ती आहे. तिथे सहा शाळा आणि सुमारे ५,००० विद्यार्थी होते, बहुतेक गोरे. दर विद्यार्थ्यामागे मालमत्ता ४९,००० डॉलरहून अधिक होती आणि कराचा दर होता फक्त ८५ सेंट. एजवुडपेक्षा कमी कर भरून त्यांना मिळत ३३३ डॉलर. त्यात राज्याचे २२५ आणि केंद्राचे ३६ मिळवले की होतात ५९४ डॉलर.

हे आकडे शेजारी शेजारी ठेवून वाचायला हवेत. गरीब लोक जास्त दराने कर भरत होते आणि त्यांच्या मुलांना कमी मिळत होते. दरी बुजवण्याचे काम ज्या राज्याचे, ते राज्य श्रीमंत मुलाला गरीब मुलापेक्षा ३ डॉलर जास्तच देत होते. एजवुडचे पालक मुलांच्या शिक्षणाबद्दल बेफिकीर आहेत, असे म्हणण्याची सोय या हिशेबाने कोणालाही ठेवली नाही. त्यांनी आपल्या ऐपतीपेक्षा अधिक दिले होते.

एजवुडकडे मालमत्ता नव्हती, यालाही इतिहास आहे. सॅन अँटोनिओच्या अनेक चांगल्या वस्त्यांमध्ये घरांच्या खरेदीखतातच अट असे की हे घर मेक्सिकन किंवा कृष्णवर्णीय माणसाला विकायचे नाही. अशा अटी न्यायालयांनी अमलात आणू नयेत, हा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय १९४८ साली आला, पण तोवर शहराची विभागणी पक्की झाली होती. मेक्सिकन कुटुंबे पश्चिमेला ढकलली गेली होती. अलामो हाइट्सने तर १९२२ सालीच वेगळी नगरपालिका करून घेतली होती. एजवुडला लागून केली हवाई तळ होता आणि तिथल्या कितीतरी पुरुषांची रोजीरोटी त्याच्यावर चाले. पण तो केंद्र सरकारचा, म्हणून त्याच्यावर शाळेसाठी कर लावता येत नव्हता. एवढा मोठा तळ दाराशी असून शाळेच्या तिजोरीत त्याचा कर जमा होत नसे.

पैशाच्या कमतरतेचा पहिला फटका शिक्षकांच्या बाबतीत बसला. १९६८-६९ मध्ये अलामो हाइट्सच्या सगळ्या शिक्षकांकडे महाविद्यालयीन पदवी होती. एजवुडमध्ये ती सुमारे ८० टक्के शिक्षकांकडेच होती. एजवुडचे सुमारे ४७ टक्के शिक्षक तात्पुरत्या परवान्यावर शिकवत होते, म्हणजे शिक्षक म्हणून लागणारी पात्रता त्यांनी पुरी केलेली नव्हती. अलामो हाइट्समध्ये हे प्रमाण ११ टक्के होते. तरबेज शिक्षक चार पैसे जास्त मिळतात तिकडे जाणार, हे उघड आहे. त्यांच्या जाण्याचे नुकसान मात्र मागे राहिलेल्या मुलांना सोसावे लागत होते. वाचन कच्चे राहिलेले मूल पुढच्या इयत्तेत मागे पडते आणि मागे पडलेले मूल एक दिवस शाळा सोडते. एजवुडच्या तरुणांपुढचा एक मार्ग सैन्यभरतीचा होता. एजवुडच्या शाळांत शिकलेले पन्नासहून अधिक तरुण व्हिएतनामच्या युद्धात मारले गेले.

१९६८ च्या उन्हाळ्यात गॉचमन यांनी केंद्रीय न्यायालयात खटला दाखल केला. वादींच्या यादीत पहिले नाव रॉड्रिग्ज यांचे होते, म्हणून तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. प्रतिवादी म्हणून सॅन अँटोनिओ स्कूल डिस्ट्रिक्टचे नाव कायमचे चिकटले. पुढे या संस्थेला प्रतिवादी म्हणून वगळण्यात आले आणि तिने न्यायालयाला निवेदन देऊन पालकांचीच बाजू घेतली. खरा प्रतिवादी टेक्सास राज्य होते.

न्यायालयाने राज्याला आधी वेळ दिला. विधिमंडळाने स्वतः काही सुधारणा केली तर बरे, असा हेतू होता. विधिमंडळाने काहीच केले नाही. दरम्यान ऑगस्ट १९७१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘सेरानो’ खटल्यात म्हटले की मुलाच्या शिक्षणाचा दर्जा त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या संपत्तीवर ठरवणे घटनेला धरून नाही. देशभर आशा निर्माण झाली. २३ डिसेंबर १९७१ रोजी टेक्सासमधल्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने रॉड्रिग्ज यांच्या बाजूने निकाल दिला. शिक्षण हा मूलभूत हक्क मानून त्यांनी राज्याला नवी व्यवस्था उभारायला दोन वर्षे दिली.

टेक्सास राज्य सर्वोच्च न्यायालयात गेले. पण ते न्यायालय बदलत होते. टेक्सासच्या निकालानंतर पंधरवड्यातच, जानेवारी १९७२ मध्ये, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी नेमलेल्या लुईस पॉवेल आणि विल्यम रेन्क्विस्ट या दोघांनी न्यायमूर्ती म्हणून शपथ घेतली. पॉवेल यांनी पूर्वी व्हर्जिनियातल्या रिचमंड शहराच्या शाळा मंडळाचे अध्यक्षपद भूषवले होते आणि शाळांचा कारभार स्थानिक लोकांच्याच हाती असावा यावर त्यांचा ठाम विश्वास होता.

ऑक्टोबर १९७२ मध्ये युक्तिवाद झाले आणि २१ मार्च १९७३ रोजी निकाल लागला. पाच विरुद्ध चार मतांनी पालक हरले.

बहुमताचे निकालपत्र पॉवेल यांनी लिहिले. त्यांचे मुद्दे थोडक्यात असे होते. शिक्षण महत्त्वाचे आहे हे खरे, पण अमेरिकेच्या राज्यघटनेत ते हक्क म्हणून कुठे लिहिलेले नाही आणि गर्भितार्थानेही सापडत नाही. एजवुडच्या मुलांना शाळाच नाकारली, असेही झालेले नाही. त्यांना किमान शिक्षण मिळते आहे. गरीब संस्थेत राहणारी सगळी माणसे गरीबच असतात असे नाही, म्हणून अन्याय झालेला वर्ग नेमका कोणता हे ठरवता येत नाही. खर्च वाढला की शिक्षण सुधारते का, यावर तज्ज्ञांतच मतभेद आहेत. आणि स्थानिक नियंत्रण हे व्यवस्थेमागचे पुरेसे सयुक्तिक कारण आहे. सुधारणा हवी, हे त्यांनी मान्य केले. ती विधिमंडळांनी करावी, असे सांगून हात झटकले. बहुमतातलेच न्यायमूर्ती पॉटर स्ट्यूअर्ट यांनी तर ही व्यवस्था गोंधळाची आणि अन्यायाची आहे असे स्पष्ट लिहिले, आणि तरीही ती घटनाबाह्य नाही म्हणून तिच्या बाजूने मत दिले.

भिन्नमत नोंदवणाऱ्यांपैकी बायरन व्हाइट यांनी स्थानिक नियंत्रणाचा मुद्दा आकड्यांनीच खोडून काढला. परिसरातल्या सर्वांत जास्त उत्पन्नाची बरोबरी करायची तर अलामो हाइट्सला ६८ सेंट दराने कर लावणे पुरेसे होते. एजवुडला त्यासाठी ५ डॉलर ७६ सेंट लावावे लागले असते. आणि राज्याच्या कायद्याने या कराला मर्यादा घातली होती १ डॉलर ५० सेंटची! बरोबरी करायचे एजवुडने ठरवले असते तरी कायद्याने ते शक्य नव्हते. मग हे नियंत्रण कोणाच्या हाती होते? पर्याय ज्याच्याजवळ नाही, त्याला स्थानिक स्वातंत्र्य दिले असे म्हणण्यात अर्थ उरत नाही. व्हाइट यांच्या या उत्तराला बहुमताच्या निकालपत्रात तोड सापडत नाही.

दुसरे मोठे भिन्नमत थर्गुड मार्शल यांचे होते. १९५४ साली ज्या ‘ब्राउन’ खटल्यात गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या वेगवेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरल्या, तो खटला मार्शल यांनीच वकील म्हणून लढवला होता. समान शिक्षणाच्या वचनापासून देश मागे फिरतो आहे, असे त्यांनी लिहिले. ज्या विधिमंडळांनी इतकी वर्षे काही केले नाही त्यांच्याकडेच दाद मागा, हा सल्ला मुलांच्या काही कामाचा नाही, हा त्यांचा आक्षेप होता. पुढची वर्षे पाहिली तर त्यांचेच म्हणणे खरे ठरले.

या निकालाने केंद्रीय न्यायालयांचे दार बंद झाले. पण दोनच आठवड्यांनी न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या राज्याच्या स्वतःच्या घटनेच्या आधारे शाळांची विषम अर्थव्यवस्था रद्द केली आणि नवी वाट दिसली. प्रत्येक राज्याच्या घटनेत शाळांविषयी काही ना काही तरतूद आहे. टेक्सासच्या घटनेने तर राज्याला सार्वजनिक शाळांची ‘कार्यक्षम व्यवस्था’ चालवणे बंधनकारक केले आहे. लढाई आता राज्याराज्यांत लढावी लागणार होती.

टेक्सासमध्ये ती १९८४ साली पुन्हा पेटली. मेक्सिकन-अमेरिकन नागरिकांसाठी कायदेशीर लढे देणाऱ्या ‘माल्डेफ’ या संस्थेने ‘एजवुड विरुद्ध कर्बी’ खटला दाखल केला. या वेळी एजवुड एकटे नव्हते. आणखी ६७ शालेय संस्था सोबत होत्या, आणि वादींमध्ये रॉड्रिग्जही पुन्हा होते. पहिल्या खटल्याच्या वेळची मुले तोवर शाळेतून बाहेर पडलेली होती. त्यांना या लढ्यातून काही मिळणार नव्हते.

२ ऑक्टोबर १९८९ रोजी टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने नऊ विरुद्ध शून्य असा एकमुखी निकाल दिला. त्यात दिलेले आकडे वाचून सोळा वर्षांत काय झाले ते कळते. राज्यातल्या सर्वांत श्रीमंत संस्थेकडे दर विद्यार्थ्यामागे १ कोटी ४० लाख डॉलरहून अधिक मालमत्ता होती. सर्वांत गरीब संस्थेकडे सुमारे २०,००० डॉलर. म्हणजे सातशेपट फरक. शंभर सर्वांत गरीब संस्था सरासरी साडेचौऱ्याहत्तर सेंट दराने कर लावून दर मुलामागे २,९७८ डॉलर खर्च करत. शंभर सर्वांत श्रीमंत संस्था ४७ सेंट दराने ७,२३३ डॉलर खर्च करत. आणि एजवुड? दर विद्यार्थ्यामागे मालमत्ता ३८,८५४ डॉलर. अलामो हाइट्स? ५,७०,१०९ डॉलर. पूर्वी फरक आठपटीचा होता, आता चौदापटीहून अधिक. विधिमंडळे सुधारणा करतील म्हणून वाट पाहायला सांगितल्याचे हे फळ.

निकाल लागला तरी पैसा लगेच हलला नाही. विधिमंडळाने केलेल्या योजना न्यायालयाने एकामागून एक अपुऱ्या किंवा घटनाबाह्य ठरवल्या. मे १९९३ मध्ये घटनादुरुस्तीचा एक प्रस्ताव मतदारांनी फेटाळला. त्याच महिन्यात, शाळा बंद पडण्याची टांगती तलवार डोक्यावर असताना, विधिमंडळाने असा कायदा केला की ठरलेल्या मर्यादेपलीकडे ज्या संस्थांकडे मालमत्ता असेल त्यांनी जास्तीचा हिस्सा इतरांसाठी सोडायचा. लोकांनी या कायद्याला ‘रॉबिन हूड’ नाव दिले. १९९५ साली न्यायालयाने तो मान्य केला. मुलांनी वर्ग सोडल्याला तेव्हा जवळजवळ २७ वर्षे झाली होती. ‘रॉबिन हूड’ हे नाव मात्र खटकते. श्रीमंतांचे लुटून गरिबांना दिले, असा त्यात अर्थ आहे. वस्तुस्थिती अशी होती की राज्याने आखलेल्या सीमांमुळे ज्यांच्याकडे अनायासे पैसा साठत होता, त्यांच्याकडून सर्व मुलांचा वाटा परत घेतला जात होता.

पैसा वाढवून शिक्षण सुधारते का, या पॉवेल यांच्या प्रश्नालाही पुढे उत्तर मिळाले. राज्याराज्यांतल्या अशाच निकालांमुळे कुठल्या मुलांच्या शाळांना जास्त पैसा मिळाला आणि ती मुले मोठेपणी कशी जगली, याचा मागोवा किराबो जॅक्सन, रकर जॉन्सन आणि क्लॉडिया पर्सिको या अर्थतज्ज्ञांनी घेतला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार, शाळेच्या बाराही वर्षांत दर मुलामागचा खर्च १० टक्क्यांनी वाढला तर ती मुले अधिक काळ शिकतात आणि मोठेपणी त्यांची मजुरी सुमारे ७ टक्क्यांनी जास्त असते. गरीब घरच्या मुलांना याचा लाभ अधिक होतो. बारा वर्षे सलग, हा त्यातला कळीचा भाग आहे. एका वर्षाच्या अनुदानाने किंवा एका नव्या रंगाने शाळा बदलत नाही.

मराठी वाचकाला हा वाद परका वाटू नये. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी जे निवेदन दिले, त्यात हाच हिशेब होता. सरकारी महसुलाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो आणि त्यातून चालणाऱ्या शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो, असे त्यांनी बजावले होते. आपल्या देशाने २००२ साली घटनादुरुस्ती करून सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण मूलभूत हक्कांत घातले. रॉड्रिग्ज यांना त्यांच्या घटनेत जो शब्द सापडला नाही, तो आपल्या घटनेत आहे. पण हक्क लिहिलेला असणे आणि त्यामागे पैसा उभा असणे यातले अंतर एजवुडने दाखवून दिले आहे. टेक्सासच्या घटनेतही ‘कार्यक्षम व्यवस्था’ हे शब्द एका शतकाहून अधिक काळ लिहिलेलेच होते. ते अमलात आणण्यासाठी कुणालातरी आकडे घेऊन न्यायालयात उभे राहावे लागले.

देमेत्रिओ रॉड्रिग्ज २०१३ साली वारले. सर्वोच्च न्यायालयाचा त्यांच्या विरुद्धचा निकाल आजही कायम आहे आणि अमेरिकेत शिक्षण हा केंद्रीय राज्यघटनेने दिलेला हक्क आजही नाही. त्या निकालात पाच न्यायमूर्तींनी चूक केली, असे मला ठामपणे वाटते. मुलाला शाळा कशी मिळावी हे त्याच्या गल्लीतल्या जमिनीच्या भावाने ठरू नये, एवढी साधी गोष्ट त्यांना कळत होती आणि तरी त्यांनी ती इतरांवर ढकलली. शाळेचा खर्च हे राज्याचे कर्तव्य आहे, आणि जिथली वस्ती गरीब तिथे तो जास्त व्हायला हवा.

एजवुडच्या पालकांना खरे कारण सापडले ते दोन हिशेब शेजारी ठेवल्यावर. ते काम कोणत्याही गावात, कोणत्याही शहरात करता येते. आपल्या भागातल्या सरकारी शाळेत दर मुलामागे किती खर्च होतो, किती शिक्षक पूर्ण पात्रतेचे आहेत, हे विचारा. मग तेच प्रश्न दुसऱ्या टोकाच्या वस्तीतल्या शाळेबद्दल विचारा. आकडे मिळेपर्यंत विचारत राहा.